बाबांच्या मनगटावर काय बांधावं?

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक ताईंचे वडील ७३ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते वाईच्या घरी एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात पडले, बराच वेळ उठता आलं नाही, आणि हे त्यांनी लेकीला चार दिवसांनी सांगितलं. तेव्हापासून त्यांनी फोन उचलला नाही की ताईंचा जीव थाऱ्यावर राहत नाही. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ‘ॲपल वॉच घेऊ, पैसे मी देतो.’ ताईंच्या यजमानांनी दोन हजारांचं एक घड्याळ शोधलंय. बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी सगळं त्यावर दिसतं म्हणे. वडील म्हणतात, ‘माझं एचएमटी छान चालतंय, मला हातात बेडी नको.’ त्यांच्याकडे साधा अँड्रॉइड फोन आहे, सॅमसंगचा नाही. ताई विचारतात: ‘बाबांवर चोवीस तास लक्ष राहील असं स्मार्टवॉच कोणतं?’

ताई, तुमचं पत्र वाचताना मी दोन ठिकाणी थांबले. बाबा पडले हे तुम्हाला चार दिवसांनी कळलं, ते एक. आणि फोनची रिंग वाजत राहिली की तुम्हाला काही सुचत नाही, ते दुसरं. दोन्हींवर करता येण्याजोगं बरंच आहे. पण चोवीस तास लक्ष ठेवणं कुठल्याही घड्याळाला जमत नाही. घड्याळ आकडे दाखवतं, फार तर संकटात हाक मारतं. ती हाक ऐकून वाईच्या घराच्या दारात दहा मिनिटांत कोण उभं राहणार? ठाण्याहून तुम्हाला चार-पाच तास लागतात, भावाचं तर विचारायलाच नको. म्हणून घड्याळाचं मॉडेल ठरवण्याआधी त्या माणसाचं नाव ठरवा. शेजारी, समोरचे दुकानदार, बाबांचे सकाळी फिरायला येणारे मित्र, कोणीही. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायला हवी.

आता यजमानांनी शोधलेल्या घड्याळाबद्दल. त्यांची काळजी खरी आहे, पण ‘शुगर दाखवतं’ म्हणून हे घड्याळ घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. स्मार्टवॉचच्या पाठीला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, मग ओसरतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा नीट बसला असेल आणि हात स्थिर असेल, तर एवढं काम स्वस्तातली घड्याळंही बऱ्यापैकी करतात. साखर त्या प्रकाशात दिसत नाही. अमेरिकेतल्या एफडीए या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता की, त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर निराळा. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते आणि तिथला आकडा घड्याळावर नुसता दाखवता येतो. बाबा शुगरच्या गोळ्या घेतात. खोटा आकडा पाहून त्यांनी जेवण टाळलं किंवा एखादी गोळी जास्त घेतली तर साखर उतरून चक्कर येईल, आणि आपण पुन्हा न्हाणीघराच्या फरशीवर येऊन पोहोचू. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप, बोटाला टोचून, हाच बाबांसाठी साधा आणि भरवशाचा घरगुती मार्ग.

ईसीजीचंही तसंच. खरा ईसीजी काढणाऱ्या घड्याळात दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या कडेला किंवा बटणावर टेकवून साधारण अर्धा मिनिट स्थिर बसावं लागतं. दोन हातांमधून विद्युतमंडल पूर्ण झाल्याशिवाय आलेख निघत नाही. बोट टेकवायची जागाच नसेल, तर पडद्यावर पळणारी ती नागमोडी रेघ चित्र म्हणूनच बघा.

बीपीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे असावं असं मला वाटतं. सॅमसंगच्या काही घड्याळांत बीपीची सोय आहे, पण दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनशी त्याचा मेळ घालावा लागतो, आणि ती सोय सॅमसंगच्याच फोनवर चालते. म्हणजे मशीन घरात लागतंच. मग आधी मशीनच घ्या. चांगल्या कंपनीचं दंडाचं मशीन दीड ते तीन हजारांत मिळतं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, हात छातीच्या पातळीवर ठेवून मोजायचं. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि मोजताना बोलायचं नाही.

आणि एक मोजणी अशी करा, जी कुठलंही घड्याळ आपणहून करणार नाही. पुढच्या वेळी वाईला जाल तेव्हा बाबांचं बीपी आधी बसवून घ्या, मग त्यांना उभं करून एका मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी घ्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात धरायला. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा त्यांना गरगरलं, तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, जुना मधुमेह यांमुळे उभं राहताना बीपी असं घसरतं. त्यात गरम पाण्याची आंघोळ. अंगातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी आणखी उतरतं. बाबा पाय घसरून पडले की चक्कर येऊन, हे तुमच्या पत्रात नाही. त्यांना कोणी विचारलंय का? उत्तर ‘चक्कर’ असेल तर सगळ्यात आधी डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस आणि वेळा तपासायला हव्यात. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

न्हाणीघरात भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, पायाखाली न घसरणारी चटई, बसायला पाट नको, उंच स्टूल किंवा खुर्ची हवी, आणि दाराला आतून कडी लावायची नाही. दारावरच्या बेलसारखी बिनतारी बेल मिळते. तिचं बटण न्हाणीघरात, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतकं खाली लावायचं आणि बेल शेजाऱ्यांच्या घरात. घेण्याआधी तेवढी बेल मधल्या भिंतींपलीकडे वाजते ना, हे बघून घ्या. या सगळ्याचा खर्च भावाने सुचवलेल्या घड्याळाच्या किमतीचा लहानसा तुकडा आहे, आणि पडणं टाळायला तो घड्याळाहून जास्त कामाचा आहे.

भावाच्या सूचनेकडे येते. ॲपलचं घड्याळ अँड्रॉइड फोनशी जोडता येत नाही, आयफोनच लागतो. तुमच्याकडे आयफोन असेल तर त्यावरून घरातल्या दुसऱ्या माणसाचं घड्याळ चालवायची सोय ॲपलने दिली आहे, पण त्यासाठी सेल्युलर, म्हणजे स्वतः मोबाइल नेटवर्कला जोडलं जाणारं मॉडेल लागतं आणि त्या पद्धतीत ईसीजी मिळत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भाऊ इतके पैसे घालू पाहतोय, तीच हाती लागत नाही. बाबांना नवा आयफोन शिकवायचा हा पर्याय उरतो. ज्यांना अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप नुकतं कुठे हाताला बसलंय, त्यांच्यावर मी ते लादणार नाही.

ॲपल असो वा सॅमसंग, घड्याळाचा ईसीजी ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता ओळखू शकतो, जिला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून ते कळणं मोलाचंच आहे. पण हार्ट अटॅक त्यात कळत नाही. ॲपल स्वतः तसं स्पष्ट लिहितं. दवाखान्यात १२ बाजूंनी आलेख निघतो, घड्याळात एकाच बाजूने. मधुमेही माणसाला तर कधी कधी अटॅकच्या वेळी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून जायला होतं. अशा वेळी ‘घड्याळ ठीक दाखवतंय’ म्हणून बाबा घरी बसून राहिले तर अनर्थ होईल. १०८ ला फोन, लगेच. ठोक्यांवर नजर ठेवायची बाबांना गरज आहे का, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच ईसीजीसाठी जादा पैसे घाला. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी तर आधी डॉक्टरांशीच बोलावं, कारण घड्याळाच्या चार्जरमध्ये आणि काही पट्ट्यांत लोहचुंबक असतात.

मग महाग घड्याळात बाबांच्या उपयोगाचं काय आहे? पडल्याची सूचना. माणूस जोरात आदळला की घड्याळ मनगटाला टोचणी देतं, आवाज करतं, विचारतं. उत्तर आलं नाही आणि हालचालही नसेल, तर ॲपलचं घड्याळ साधारण मिनिटभराने आपत्कालीन सेवेला फोन लावतं आणि तुम्ही नोंदवलेल्या नंबरांना ठिकाण कळवतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी घड्याळांतही अशी सोय आहे, ती इतर अँड्रॉइड फोनबरोबरही चालते, मात्र सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत ती चालण्या-धावण्याची किंवा सायकलची नोंद सुरू असतानाच काम करते, न्हाणीघरात नाही. भिंतीला धरत हळूहळू खाली बसकण मारली तर कोणतंच घड्याळ खात्रीने ओळखत नाही. आणि घड्याळात स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं सिम) नसेल तर हाक फोनमार्फतच जाणार, म्हणजे फोन घरात, ब्लूटूथच्या टप्प्यात, चार्ज केलेला हवा.

यात एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ही घड्याळं दिवस-दोन दिवसांत उतरतात. लोक ती आंघोळीच्या वेळी काढून चार्जिंगला लावतात, आणि कंपन्याही अशी वेळ साधायला सांगतात. बाबांच्या बाबतीत नेमकं उलट हवं. न्हाणीघरात घड्याळ हातातच असायला पाहिजे आणि चार्जिंग संध्याकाळी, ते खुर्चीत बातम्या बघत बसलेले असताना. आंघोळीनंतर पट्ट्याखालचा साबण धुऊन, पुसून परत घालायचं. ही सवय लागणार नसेल, तर ५० हजारांचं घड्याळसुद्धा हव्या त्या घटकेला टेबलावर पडलेलं असेल.

आता फोन न उचलण्याचं. माझ्या मते तुमचा रोजचा ताण इथला आहे, आणि इथे स्वस्तातलं घड्याळ खरोखर उपयोगी पडतं. फोन आत खाटेवर, बाबा मागच्या अंगणात, कानाने थोडं कमी ऐकू येतं. बहुतेक घरांत असंच असतं. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्ट्रॅक अशा कंपन्यांची दीड ते तीन हजारांची ब्लूटूथ कॉलिंगची घड्याळं फोन आला की मनगटावर थरथरतात. हिरव्या खुणेला बोट लावलं की तिथूनच बोलता येतं. टप्पा साधारण १० मीटर, मध्ये जाड भिंती असल्या तर त्याहून कमी. म्हणून फोन घराच्या मधल्या खोलीत ठेवायचा. घड्याळावरून फार बोलणं नसेल तर बॅटरी पाच-सात दिवस जाते. शेजारी, भाऊ, तुम्ही, एवढेच नंबर पहिल्या पानावर. बीपी-ऑक्सिजनचे पर्याय बंद करता येत असतील तर करून टाका. रात्री पट्टा सैल झाला की ऑक्सिजन ८६ दाखवेल आणि तुमची झोप उडेल. झोपेत ठोके कमी होणं तर सगळ्यांचंच असतं. अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना ठोके आवरणारी गोळी असते. तशी बाबांना असेल तर वयावरून काढलेली ठोक्यांची गणितंही त्यांना लागू पडत नाहीत.

पावलांचं लक्ष्यही १० हजार ठेवू नका. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत, रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे जादा फायदा दिसला नाही. बाबा ढोल्या गणपतीच्या घाटापर्यंत जाऊन येत असतील तर ते उत्तमच आहे.

आणि बेडीबद्दल. ताई, हे त्यांचं वाक्य हट्ट म्हणून सोडून देऊ नका. आपण किती झोपलो, किती चाललो, कुठे गेलो हे ठाण्यात आणि अमेरिकेत दिसत राहणार, असं त्यांना वाटत असेल तर त्यांचा नकार रास्त आहे. त्यांच्याशी बसून बोला. कोणती माहिती कोणाला दिसेल ते त्यांना ठरवू द्या. पडल्याची खबर तुम्हाला जावी, झोपेची नको, असं ते म्हणाले तर तेवढंच चालू करा. आणि त्यांनी चार दिवस का लपवलं, तेही हळूच विचारा. ‘आता तुम्ही ठाण्यालाच चला’ हे ऐकावं लागेल, या धास्तीने अनेक आईवडील पडल्याचं सांगत नाहीत. तुम्ही तसं करणार नाही हा शब्द त्यांना मिळाला, तर पुढच्या वेळी फोन त्याच दिवशी येईल. एचएमटी त्यांनी डाव्या हातात ठेवावं, स्मार्टवॉच उजव्या हातात. त्यात काही बिघडत नाही.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात न्हाणीघराची दुरुस्ती, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, डॉक्टरांची भेट आणि एक साधं कॉलिंगचं घड्याळ एवढं केलं असतं. दोन-तीन महिने बघा, बाबा ते रोज घालतात का, आपणहून चार्ज करतात का. घालत असतील आणि पडण्याची भीती डॉक्टरांनाही वाटत असेल, तर भावाच्या पैशांतून त्यांच्या फोनवर चालणारं, पडल्याची सूचना देणारं, शक्यतो ई-सिमचं घड्याळ घ्या. घेण्यापूर्वी बाबांच्या सिमकार्डाच्या कंपनीला विचारा की त्यांच्या प्लॅनवर घड्याळाचं ई-सिम मिळतं का. घालत नसतील तर दोन हजारांत कळलं, आणि भावालाही पटवून सांगता येईल.

घड्याळ शक्यतो बाबांना बरोबर नेऊन दुकानातून घ्या, म्हणजे साताऱ्यातच घ्या, ऑनलाइन नको. बाहेर उन्हात नेऊन पडदा दिसतो का ते त्यांनी चष्म्याशिवाय बघावं. त्यांच्या फोनला जोडून तुम्ही मराठीत एक संदेश पाठवा. अनेक स्वस्त घड्याळांवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरं फुटतात. पट्ट्याची बक्कल त्यांना एका हाताने लावता येते का? चार्जर हरवला तर तिथे मिळतो का, कारण एका कंपनीचा दुसऱ्याला चालत नाही. सर्व्हिस सेंटर कुठे आहे? बिलावर शिक्का आणि वॉरंटीची तारीख घ्या. तक्रार कोणी ऐकलीच नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

अशाच प्रश्नांची आणखी पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. धावणाऱ्यांनी घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे याची खात्री करावी. बऱ्याच स्वस्त घड्याळांत ते फोनचंच वापरलं जातं, म्हणजे फोन खिशात घेऊन पळा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत असाल तर गार्मिन किंवा अमेझफिटकडे बघा. वेगात पळताना ठोके अचूक हवे असतील तर छातीचा पट्टा मनगटापेक्षा चांगला. पोहणाऱ्यांनी ५ एटीएम ही पाण्याचा दाब सोसण्याची खूण लिहिलेलं घ्यावं, नुसतं आयपी६८ पुरत नाही. आणि ज्यांना झोपेचे गुण बघूनच झोप येईनाशी झाली आहे, त्यांनी रात्री घड्याळ काढून ठेवावं.

ताई, वाईला जाल तेव्हा किल्ली कोणाला द्यायची ते बाबांना ठरवू द्या आणि त्यांच्याच हाताने ती देऊ द्या. त्या शेजाऱ्यांचा नंबर बाबांच्या फोनवर, तुमच्या फोनवर आणि भावाच्या फोनवर साठवा. एका जाड कागदावर बाबांच्या गोळ्यांची नावं, अँजिओप्लास्टीची तारीख, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजच्या दाराला लावा. रोज सकाळी साडेसातला चहाच्या वेळी तुम्ही फोन करायचा आणि आठपर्यंत उचलला नाही तर शेजाऱ्यांना कळवायचं, एवढं तुम्ही, बाबा आणि शेजारी अशा तिघांमध्ये ठरवून टाका.